टेकडीवरून शाळेपर्यंत

(युवक व पालक मेळाव्यात दिलेलं भाषण)



दहावी-बारावीचे निकाल नुकतेच लागलेत, म्हणून आज शाळेविषयी बोलावं असं पाळकसाहेबांनी सुचवलं. शिक्षणाचं महत्त्व सांगायला मी उभी राहिलेली नाही. ते तुमच्या आईवडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फी त्यांनी भरली आहे. मी एका वर्गाची गोष्ट सांगणार आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात क्लिंटन नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलमधून १९५७ साली जो वर्ग बाहेर पडला, त्याची ही गोष्ट. खरं म्हणजे त्या वर्गातल्या एका मुलाची, आणि त्याच्याबरोबर त्या शाळेत पाऊल ठेवणाऱ्या आणखी अकरा जणांची.

आधी गाव समजून घ्या. वस्ती चारेक हजारांची. डोंगराळ भाग, पायमोजे विणणारी एक गिरणी, कोर्टाची इमारत, दुकानं, आणि बरीच चर्चेस. दुसऱ्या महायुद्धात जवळच ओक रिज नावाचं अख्खं शहर सरकारने गुपचूप वसवलं. अणुबॉम्बसाठी लागणारं युरेनियम तिथे तयार झालं. युद्ध संपल्यावर सैनिक घरी आले, लोकांच्या हातात थोडा पैसा खेळू लागला, मुलांनी बारावीपर्यंत शिकायचं ही घरोघरची रीत झाली. तिकडे हायस्कूल बारावीपर्यंत असतं. शेवटच्या दिवशी मुलं झगा आणि चौकोनी टोपी घालून रांगेने व्यासपीठावर जातात, नाव पुकारलं जातं, प्रमाणपत्र हातात मिळतं. छोट्या गावात तो दिवस सगळ्या गावाचा असतो.

मात्र त्या रांगेत गोरीच मुलं असत. क्लिंटनची कृष्णवर्णीय कुटुंबं गावालगतच्या टेकडीवर राहत. तिथे त्यांची ग्रीन मॅकअडू नावाची प्राथमिक शाळा होती. तिथलं शिक्षण संपलं की पुढे काय? गावचं हायस्कूल टेकडीच्या पायथ्याशी, चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्यात प्रवेश नाही. या मुलांना बसने नॉक्सव्हिल शहरात पाठवलं जाई, सुमारे २० मैल, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ऑस्टिन हायस्कूलमध्ये. सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी परत. आपल्या दारावरून दिसणारी शाळा ओलांडून रोज २० मैल जायचं आणि २० मैल यायचं.

१९५० साली काही पालक कोर्टात गेले. पहिल्यांदा हरले. मग १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी शाळांमध्ये वर्णावरून मुलं वेगळी करणं घटनेविरुद्ध आहे. त्या निकालाच्या आधारे क्लिंटनचा खटला फिरला आणि १९५६ च्या सुरुवातीला न्यायाधीश रॉबर्ट टेलर यांनी आदेश दिला: येत्या शरद सत्रापासून हायस्कूल सर्वांना खुलं करा. या न्यायाधीशांनीच आधी पालकांच्या विरोधात निकाल दिला होता. त्यांना नवा निकाल मनातून पटला होता असं नाही, पण कायदा आता हा आहे, तो पाळला पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. मला ही माणसं नेहमी विचारात पाडतात. मन बदललेलं नाही, तरी योग्य ते काम करतात. आपण मंडळीत मनपरिवर्तनावर इतका भर देतो की अशा माणसांचं काय करावं ते आपल्याला समजत नाही.

इथे मंडळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांची मोठी संघटना, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, १८४५ साली स्थापन झाली. का? गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमावं की नाही यावरून उत्तरेकडच्या भावंडांशी भांडण झालं म्हणून. म्हणजे सुवार्तेच्या कामावरूनच फूट पडली, आणि दक्षिणेच्या बाजूने गुलामगिरीचं समर्थन होतं. त्याच संघटनेने १९५४ साली आपल्या वार्षिक सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला पाठिंबा देणारा ठराव मंजूर केला. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, ठराव झाला. ठराव करणं सोपं नव्हतं, हे मी मान्य करते. पण ठराव शहरातल्या मोठ्या सभागृहात झाला, आणि शाळा होती क्लिंटनमध्ये.

ऑगस्ट १९५६ च्या अखेरीस बारा मुलंमुली टेकडीवर जमली, त्यांनी प्रार्थना केली आणि एकत्र खाली उतरून शाळेत गेली. पहिला दिवस बऱ्यापैकी शांततेत गेला. जो अ‍ॅन अ‍ॅलन नावाच्या मुलीला तर तिच्या तुकडीने, म्हणजे गोऱ्या मुलांनी, उपप्रमुख म्हणून निवडून दिलं. हे मी मुद्दाम सांगते. कारण पुढे जे झालं ते वाचून असं वाटतं की त्या गावात सगळे पहिल्यापासून दात-ओठ खात होते. तसं नव्हतं. मुलांनी पहिल्याच दिवशी मत देऊन टाकलं होतं.

मग जॉन कॅस्पर नावाचा एक तरुण बाहेरून आला. गावात ओळख ना पाळख. दारोदार फिरून, कोर्टासमोर सभा घेऊन त्याने लोकांना भडकवलं. न्यायालयाने त्याला मनाई केली, अटक झाली, तरी गर्दी वाढतच गेली. शनिवार-रविवार आला, मोठी सुट्टी होती, आणि गावातून जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाड्या अडवून लोक त्यांवर तुटून पडू लागले. गावातल्या काही तरुण वकिलांनी आणि युद्धावरून परतलेल्या माजी सैनिकांनी स्वतःचं एक पथक उभं करून कोर्टाच्या आवारात गर्दीला थोपवलं. शेवटी राज्यपाल फ्रँक क्लेमंट यांनी नॅशनल गार्डचे सुमारे ६०० जवान पाठवले. रणगाडे आले. शाळेसाठी गावात रणगाडे!

क्लिंटनचे लोक पुढे अनेक वर्षं म्हणत राहिले की बाहेरच्याने येऊन आमचं गाव बिघडवलं. कॅस्पर बाहेरचाच होता, हे खरं. पण त्याच्यासमोर टाळ्या वाजवणारे बरेचसे आसपासचेच होते. खेड्यापाड्यांत काम करताना हे वाक्य मी आपल्याकडेही अनेक वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी मला विचारावंसं वाटतं की ऐकायला कोण कोण बसलं होतं?

सैन्य काही दिवसांनी परत गेलं. वर्तमानपत्रांचे लोकही गेले. आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. शाळेतल्या काही मुलांचीही संघटना बांधली गेली. बाकावर टाचण्या ठेवायच्या. लॉकरमध्ये, पुस्तकांवर शाई ओतायची. अंडी फेकायची. जिन्यात धक्का द्यायचा, चालताना टाचेवर पाय द्यायचा, कानाशी शिवी पुटपुटायची. रात्री टेकडीवरच्या वस्तीजवळ डायनामाइटचे स्फोट होत, आणि पुरुष माणसं पाळीपाळीने जागत बसत. रणगाड्यांचे फोटो सगळीकडे छापले गेले. टाचण्यांचा फोटो कोण काढणार?

त्यांच्या बाजूने कोणी नव्हतं असं नाही. मुख्याध्यापक डी. जे. ब्रिटन हे स्वतः वेगळ्या शाळांच्या पद्धतीत वाढलेले गृहस्थ, पण आपल्या शाळेत कायद्याप्रमाणे चालेल म्हणजे चालेल, यावर ते ठाम राहिले. फुटबॉल संघाचा कप्तान जेरी शॅटक आणि त्याचे काही सोबती शाळेच्या आत शांतता राहावी म्हणून झटले. मुलांनो, हे तुमच्याच वयाचे. त्यांनी चळवळ केली नाही, भाषणं केली नाहीत. गलिच्छपणा करणाऱ्याला "आपल्या शाळेत हे नको" एवढं सांगण्याची हिंमत दाखवली. संघाच्या कप्तानाने सांगितलं की मुलं ऐकतात, हे कुठल्याही शाळेत खरं आहे.

आता त्या मुलाकडे येते. बॉबी केन. बारांपैकी बारावीच्या वर्गात असणाऱ्यांत तो एक. त्याला या शाळेत यायचंच नव्हतं. ऑस्टिन हायस्कूलमध्ये त्याचे मित्र होते, शेवटचं एकच वर्ष उरलं होतं. शेवटच्या वर्षी शाळा बदलायला कोणाला आवडेल? पण न्यायालयाचा आदेश झाला, आणि आता गावचीच शाळा. सुरुवातीच्या दिवसांत जमावाने त्याचा पाठलाग केला. घरी येऊन तो म्हणाला, मी परत जाणार नाही. आईने त्याची समजूत घातली आणि तो परत गेला. त्या आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. पोराला घरी ठेवलं तर तो सुरक्षित. पाठवलं तर रस्त्यात गर्दी उभी. आपल्यातल्या कितीतरी आया मुलाला वसतिगृहात सोडून परत फिरताना एस.टी.त डोळे पुसत बसतात. त्यात निदान ठेवून आलो ती जागा सुरक्षित आहे, एवढा भरवसा असतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्रास इतका वाढला की मुलांनी काही दिवस घरीच राहायचं ठरवलं. तेव्हा फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे पाळक पॉल टर्नर पुढे आले. गावातलं हे गोऱ्यांचं मोठं चर्च. टर्नर तिशीतले, चळवळीतले वगैरे अजिबात नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं: या मुलांना शाळेत जायचा कायद्याने हक्क आहे, आणि त्यांना जायचं असेल तर मी त्यांच्याबरोबर चालेन. ४ डिसेंबर १९५६, मंगळवार. सिडनी डेव्हिस नावाचे वकील आणि गिरणीत काम करणारे लिओ बर्नेट त्यांच्या सोबतीला. तिघे टेकडीवर गेले आणि जी मुलं यायला तयार होती, त्यांना घेऊन खाली आले. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, ओरडत होती. मुलं शाळेत पोहोचली. टर्नर एकटे चर्चच्या दिशेने परत निघाले, आणि वाटेत घोळक्याने त्यांना गाठलं. एका मोटारीवर रेटून मारलं. मोटारीवर रक्ताचे डाग पडले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. त्यात याजक दुसऱ्या बाजूने निघून जातो. क्लिंटनमध्ये पाळक बाजूने निघून गेला नाही, तर मार खाणारा तोच झाला. उपदेशात हे उदाहरण चांगलं शोभतं, आणि मीही पूर्वी असंच सांगत असे. पण तारखा पाहा. मुलं ऑगस्टपासून चालत होती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. टर्नर डिसेंबरात एका सकाळी चालले. त्यांचं धैर्य मी तसूभरही कमी करत नाही. त्या गावातल्या दुसऱ्या किती पाळकांनी तेवढंही केलं? पण वर्तमानपत्रांत नाव आणि चेहरा त्यांचा मोठा आला, आणि शंभर दिवस चालणारी मुलं त्यांच्या मागे अंधुक दिसतात. आपणही वार्तापत्रात फोटो छापतो तेव्हा मध्यभागी कोण उभं असतं, ते एकदा बघा.

त्याच दिवशी गावात नगरपालिकेची निवडणूक होती. पाळकाला मारल्याची बातमी मतदान चालू असतानाच पसरली. वेगळ्या शाळांच्या बाजूने उभे राहिलेले उमेदवार सपाटून पडले. म्हणजे गावातले बहुतेक लोक दंगेखोरांच्या बाजूचे नव्हते. ते गप्प होते, आणि गुप्त मतदानाने त्यांना गप्प राहूनच बोलता आलं. मुख्याध्यापकांनी काही दिवस शाळा बंद ठेवली. केंद्र सरकारच्या पोलिसांनी सोळा जणांना अटक केली. पुढे जुलै १९५७ मध्ये कॅस्पर आणि इतर सहा जण दोषी ठरले. ज्युरीत सगळे गोरेच होते. त्या रविवारी टर्नर सुजलेल्या चेहऱ्याने उपदेशाला उभे राहिले. जानेवारीत एडवर्ड मरो यांच्या दूरदर्शन कार्यक्रमातून क्लिंटनची हकीकत देशभर दाखवली गेली.

शाळा पुन्हा उघडली. डिसेंबरनंतरही सगळं गोड झालं नाही. जो अ‍ॅन, जिला पहिल्या दिवशी वर्गाने निवडलं होतं, तिचं कुटुंब डिसेंबरातच गाव सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेलं. बारांतली बरीच मुलं या ना त्या कारणाने शाळेतून गळाली. ही गळती आपल्या ओळखीची आहे. पटावर नाव चढवताना सगळे जमतात. नाव गळतं तेव्हा कोणी नसतं.

१७ मे १९५७ रोजी बॉबी केन झगा आणि चौकोनी टोपी घालून बारावीच्या रांगेत उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. टेनेसी राज्याच्या अखत्यारीतल्या, गोऱ्या-काळ्या मुलांच्या एकत्र हायस्कूलमधून शिक्षण पुरं करणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. नाव पुकारलं गेलं, प्रमाणपत्र मिळालं. समारंभानंतर तो झगा परत करायला गेला. तेवढ्यात खोलीतले दिवे गेले आणि अंधारात कोणीतरी त्याला ठोसा मारला. कोणी मारलं ते त्याला दिसलं नाही. त्याच वर्गातलं कोणी असेल.

मी या गोष्टीचा फार विचार केला आहे. शाळेचं वर्ष संपलं, प्रमाणपत्र हातात आलं, आता त्या ठोशाने काहीच बदलणार नव्हतं. तरी मारावासा वाटला. निकालाने, सैन्याने, पाळकाच्या रक्ताने जे साधलं ते खूप मोठं होतं. दरवाजा उघडला आणि उघडा राहिला. पण त्या खोलीतला एक मुलगा नऊ महिने बॉबीच्या शेजारी बसून, तेच धडे शिकून, तेच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला आणि जसा होता तसाच राहिला. शाळा माणसाला आपोआप बदलते असं आम्ही समाजसेवक लोक फार सहज गृहीत धरतो.

बॉबी केन पुढे नॅशव्हिलला टेनेसी स्टेट विद्यापीठात शिकला. ते कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. घराजवळ नॉक्सव्हिलला टेनेसी विद्यापीठ होतं, पण तिथे पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीयांना १९६१ पर्यंत प्रवेशच नव्हता. म्हणजे शाळेसाठी आधी जसं घर सोडून लांब जावं लागलं, तसंच कॉलेजसाठीही. पुढे त्याने राज्य सरकारच्या मानवसेवा खात्यात नोकरी केली. गरजू कुटुंबांचं काम. क्लिंटनबद्दल तो अनेक वर्षं फारसा बोलत नसे.

मोठ्या माणसांचं काय झालं? ब्रिटन यांनी त्याच उन्हाळ्यात शाळा सोडली. टर्नरही पुढे क्लिंटन सोडून गेले. आणि हे सांगायला मन धजत नाही, पण लपवणं बरोबर नाही: टर्नर यांनी १९८० साली आणि ब्रिटन यांनी १९८८ साली स्वतःच्या हाताने जीवन संपवलं. माणूस असं पाऊल का उचलतो याचं एकच कारण कधी नसतं, आणि इतक्या वर्षांनंतरची गोष्ट एका डिसेंबरला चिकटवणं अन्यायाचं होईल. पण त्या महिन्यांनंतर त्यांची विचारपूस कोण करत होतं, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. आपल्याकडे एखादा पाळक, शिक्षक, वसतिगृहाची मावशी काही अवघड काम करून जाते, आपण शाल-श्रीफळ देतो, आणि मग तिचा फोन नंबरही आपल्याजवळ राहत नाही. पाळकाला मनाचा आजार झाला तर तो कोणाला सांगायचा, याची सोय आपल्या मंडळ्यांत आजही नाही. या सभेत बसलेल्या वडील मंडळींनी हे मनावर घ्यावं अशी माझी विनंती आहे. प्रार्थना करतोच आपण. त्याबरोबर डॉक्टरकडेही न्यावं.

एक मुलगी राहिली. गेल अ‍ॅन एप्स. बॉबी गेल्यानंतर तिने शाळा सुरू ठेवली आणि १९५८ साली ती बारावी झाली. बारांपैकी क्लिंटन हायस्कूलचं प्रमाणपत्र घेणारे हे दोघेच. बॉबीबद्दल वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं. गेलच्या वर्षी रणगाडे नव्हते, मोठा पाळक बरोबर चालत नव्हता, फोटो काढणारेही फारसे नव्हते. मला तिचं वर्ष जास्त कठीण वाटतं.

तिने शाळा सोडल्यावर चारेक महिन्यांनी, ५ ऑक्टोबर १९५८ च्या रविवारी पहाटे, शाळेची इमारत डायनामाइटने उडवून देण्यात आली. पहाट असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. पण वर्गखोल्या उद्ध्वस्त झाल्या. शेजारच्या ओक रिजने आपली एक रिकामी शाळा साफसूफ करून दिली. काही दिवसांतच क्लिंटनची मुलं बसने तिकडे निघाली, आणि ती उतरली तेव्हा ओक रिज हायस्कूलचं बँडपथक क्लिंटनच्या शाळेचं गीत वाजवत उभं होतं. आता गोरी मुलंही दुसऱ्या गावी बसने शिकायला जात होती, कृष्णवर्णीय मुलं गेली कित्येक वर्षं जात होती तशी. डिसेंबरात बिली ग्रॅहम क्लिंटनला आले आणि शाळेच्या जिमखान्यात त्यांनी उपदेश केला. शाळा पुन्हा बांधायला देशभरातून मदत आली. १९६० साली नवी इमारत उभी राहिली.

टेकडीवरच्या ग्रीन मॅकअडू शाळेत २००६ साली संग्रहालय सुरू झालं. बाहेर बारा मुलामुलींचे पूर्णाकृती ब्राँझचे पुतळे आहेत. कोणाच्या हातात पुस्तकं आहेत. सगळी टेकडी उतरायला निघाली आहेत.

माझी वेळ संपत आली आहे. यंदा ज्यांनी दहावी-बारावी केली त्या मुलामुलींनी उभं राहावं, आणि त्यांना शाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या, बसथांब्यावर वाट बघत बसणाऱ्या आईवडिलांनीही. पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करतील.